आडात आहे तेच पोहऱ्यात

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण सहज बोलून जातो. दुसऱ्याच्या अंगचे उणे दाखवायला ही म्हण फार सोयीची आहे. माझा व्यवसाय मात्र या म्हणीच्या दुसऱ्या टोकाला धरून चालतो. आडात जे आहे तेच आणि तेवढेच पोहऱ्यात यावे, त्यातले काही वाटेत उडून जाऊ नये, बाहेरचे काही त्यात मिसळू नये, एवढ्यासाठी आम्ही मंडळी दिवसच्या दिवस उन्हात बसून असतो. पोहरा आमच्याकडेही असतो. तो पितळेचा नसतो इतकेच. मनगटाहून बारीक, हात-दीड हात लांब, काचेसारखा पारदर्शक प्लास्टिकचा नळा. त्याच्या तळाशी एक गोळी. पाण्यात शिरताना गोळी वर उचलली जाते, वर ओढताना खाली बसून तोंड बंद करते. याला आम्ही बेलर म्हणतो. आणि आमचा आड म्हणजे चार बोटे रुंदीची, लोखंडी झाकणाची, कुलूपबंद अशी निरीक्षण विहीर. तिच्यात डोकावून चंद्र दिसत नाही की रहाटाची करकर ऐकू येत नाही. येणारे-जाणारे तिला गटाराचे झाकण समजून ओलांडून जातात.

जमिनीखालच्या पाण्यात पेट्रोल, डिझेल, घासलेट असे काही उतरले आहे काय, हे या विहिरींतून पाहायचे असते. हे ऐकून पुष्कळ जण विचारतात, "अहो, पाण्यात पेट्रोल असेल तर वासच नाही का येणार? त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही, म्हणून हा लेख.

शहराच्या पायाखाली

माझे काम चालते ते छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो त्या शहरात. भूगर्भातील पाण्याची कदर शिकायची तर याहून चांगले गाव मिळणार नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबराने येथे नहर बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारी पाटात गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर गावात आणून सोडले. ना मोट, ना रहाट. पुढे पाणचक्कीही अशाच आणलेल्या पाण्यावर फिरली. प्रवासी येतात, पाणचक्कीच्या हौदावर फोटो काढतात आणि जातात. पण नहरीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्या भुयारी पाटाला ठिकठिकाणी उभी तोंडे ठेवलेली आहेत. माणसाने आत उतरावे, गाळ काढावा, पाणी कसे वाहते आहे ते डोळ्यांनी पाहावे, यासाठी. जमिनीखालून पाणी न्यायचे तर त्यावर नजर ठेवायची सोयही आधीच करून ठेवली पाहिजे, हे त्या काळच्या माणसांना कुणी शिकवावे लागले नव्हते. शेजारच्या बऱ्हाणपुरातही अशीच भुयारी पाणीयोजना आहे आणि तिलाही अशीच तोंडे आहेत.

आज शहराचे मुख्य पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून वर उचलून आणले जाते. पण चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याचे उन्हाळे या शहराने पुष्कळ काढले आहेत. नळ रुसला म्हणजे माणूस बोअरकडे वळतो, बोअर आटला म्हणजे टँकरकडे. आणि तो टँकर तरी कोठे भरतो? दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर. म्हणजे धरण झाले तरी पायाखालच्या पाण्याशी असलेले आपले नाते काही सुटलेले नाही.

आता हे पाणी राहते कोठे, ते पाहू. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. हा दगड वाळूसारखा नाही. वाळूत पाणी सगळीकडे सारखे पसरते. येथे ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत साठते. म्हणून तर एका घरच्या बोअरला धो-धो पाणी लागते आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. पाणाड्याचा नारळ फिरतो तो या भेगांच्या लहरीवरच. आणि पाणी ज्या भेगेतून येते, त्याच भेगेतून घाणही येते. वाळूत ती मंद गतीने, गाळली जात येते. भेगेतून मात्र ती बोळातून चोर पळावा तशी पळते आणि कोठे निघेल याचा नेम नसतो.

एका लिटरचा हिशेब

मराठवाड्याला लागणारे बरेचसे पेट्रोल-डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यांतून टँकरने येते आणि पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांत रिकामे होते. पंपावर आपल्याला दिसतो तो नुसता दर्शनी भाग. खरा संसार फरशीखाली. टाकी, नळ, सांधे सगळे मातीआड. एखाद्या सांध्यातून सेकंदाला एकच थेंब गळतो आहे असे धरू. वीस थेंबांचा एक मिलीलिटर मानला, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर झाले. रोज हजारो लिटरांची उलाढाल असलेल्या जागी, उन्हाने होणाऱ्या फुगवट्या-आकसण्यात आणि वाफेत, हे चार लिटर हिशेबात सहज हरवतात. म्हणून चांगला पंपचालक रोज टाकीची पातळी मोजतो, वहीशी ताळा घेतो, आणि तूट सतत एकाच बाजूला जाऊ लागली तर कान टवकारतो.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. ते जमिनीतून झिरपत खाली जाते आणि पाण्याच्या पातळीवर सायीसारखे पसरते. या सायीची भीती त्या मानाने कमी. ती दिसते, तिला वास येतो. भीती वाटते ती तिच्यातून पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांची. त्यातले मुख्य बेन्झीन. ते रक्ताच्या कर्करोगाला कारण होते, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. एका लिटरात १० मिलीलिटर, म्हणजे वजनाने पावणेनऊ ग्रॅम. आता भागाकार करून पाहा. एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेन्झीन पाण्यात उतरले, तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन टेकेल. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर! रस्त्यावर दुचाकीची टाकी भरताना सांडणारे पेट्रोल पाहिले की मला हा भागाकार आठवल्यावाचून राहत नाही. सुदैवाने सांडलेल्यातले बरेचसे उडून जाते आणि काही मातीतले जीवाणू खातात. नाहीतर आपली धडगत नव्हती.

आणि वासाचे म्हणाल, तर बेन्झीनचा वास नाकाला कळण्याच्या पुष्कळ आधी मर्यादा ओलांडलेली असते. नाक हे पहारेकरी खरे, पण चोर घरात शिरून जेवून गेल्यावर जागे होणारे. पहिल्या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले.

वास कुणाचा?

दुसरे उत्तर देण्यासाठी एक हकीकत सांगतो. शहरातल्या एका जुन्या वसाहतीची आहे. नावगाव सांगत नाही, कारण तेथे माणसे राहतात आणि त्यांना शेजारधर्म सांभाळायचा आहे.

वसाहत चाळीस-पंचेचाळीस घरांची. वरच्या बाजूला रस्त्यावर एक पेट्रोल पंप. खालच्या बाजूला नाल्याकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची दोन-तीन दुकाने. वसाहतीचा जुना आड बुजल्याला पुष्कळ वर्षे झाली. अलीकडच्या दुष्काळात सर्वांनी वर्गणी काढून दोनशे फुटांचा बोअर घेतला आणि त्यावर मोठी मोटार बसवली. वर्षा-दीड वर्षाने बायकांच्या लक्षात आले की सकाळच्या पहिल्या बादलीला कसलासा वास येतो. पुरुषांनी म्हटले, "नवीन पाइप आहे, येणारच." मग एके दिवशी एका घरात तापल्या पाण्याच्या वाफेने पोराला मळमळले आणि प्रकरण तापले.

गुन्हेगार कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पंप वर, वसाहत खाली, पाणी उताराकडे वाहते. पुरावा आणखी काय पाहिजे? पंपाच्या मालकाने हिशेबाच्या वह्या आणून ठेवल्या, टाक्यांची तपासणी करून दाखवली. पण वह्या कुणीही लिहू शकतो, असे म्हणून लोकांनी त्या बाजूला सारल्या. घोषणांचे फलक तयार झाले. अशा वेळी आम्हाला बोलावणे आले.

वसाहतीतल्या सर्वांत वडील गृहस्थांनी मला आधीच सांगून टाकले, "साहेब, या जागेचं पाणी माझ्या वडिलांनी पिलेलं आहे. तुमच्या यंत्रात काय येईल ते येऊ द्या, पण आम्हाला खरं सांगा." असे म्हणणारी माणसे थोडी भेटतात. बहुतेकांना आधी ठरवलेलेच उत्तर ऐकायचे असते.

आम्ही तीन निरीक्षण विहिरी घेतल्या. तीनच का? तिवई कधी डुगडुगत नाही. तीन टेकूंवर एक पातळी नक्की बसते. तीन ठिकाणी पाण्याची उंची कळली की पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे ते काढता येते. पहिली विहीर पंप आणि वसाहत यांच्या मधोमध, दुसरी वसाहत आणि दुरुस्तीची दुकाने यांच्या मध्ये, तिसरी अंगाला एका बाजूस. भोक पाडायचे, जाळीदार नळी उतरवायची, तिच्याभोवती स्वच्छ खडी भरायची आणि वरच्या अंगाला पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची पक्की बूच मारायची, म्हणजे पावसाचे आणि गटाराचे पाणी नळीच्या कडेने आत जात नाही. ही बूच नीट बसली नाही तर विहीर पाताळाची नसून गटाराची साक्ष देऊ लागते.

पोहऱ्याचे सोवळे

नमुने घ्यायच्या दिवशीचे आमचे सोवळे-ओवळे पाहून एखादी कर्मठ आजीबाईसुद्धा पसंतीची मान डोलवील. त्या सकाळी गाडीत पेट्रोल भरायचे नाही. ते आदल्या दिवशीच. अंगाला अत्तर नाही, तोंडाला सुवासिक मलम नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. बाटल्यांवर नावे लिहायला उग्र वासाची शाईची पेन चालत नाहीत. गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, इंजिन बंद करून. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे, नवा बेलर, नवी दोरी. एका विहिरीचा पोहरा दुसरीत म्हणजे विटाळच!

पहिल्याने पाण्याची खोली मोजायची. फीत खाली सोडली की टोकाला पाणी लागताच यंत्र टिकटिकते. पाण्यावर तेलाची साय असेल तर आवाज सलग येतो. मग प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी वाफ मोजणारे यंत्र धरायचे आणि क्रम ठरवायचा: सर्वांत स्वच्छ विहीर आधी, सर्वांत घाण शेवटी. त्या दिवशी हा क्रम ठरला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण ज्या विहिरीकडे सगळ्यांचे बोट होते ती यादीत शेवटी आलीच नाही. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. मी काही बोललो नाही.

नळीत उभे असलेले पाणी शिळे. हवेशी त्याचा संबंध आलेला, त्यातले बेन्झीन उडालेले. ते काढून टाकून खडकातले ताजे पाणी येऊ द्यावे लागते. चार इंची नळीत दहा मीटर पाणी असेल तर ते सुमारे ऐंशी लिटर भरते. तसे तीनदा उपसायचे म्हणजे दोनशे चाळीस लिटर झाले. तेही जमिनीवर ओतायचे नाही, पिंपात साठवायचे. हल्ली याहून नाजूक रीत आहे: छोट्या पंपाने मिनिटाला पेलाभर, अशा गतीने पाणी काढत राहायचे आणि त्याचे तापमान, आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू पाहत बसायचे. आकडे हलायचे थांबले की समजायचे, आता खडकच बोलतो आहे. आम्ही ही रीत वापरली. एकेका विहिरीला तास-तास लागला. बघायला जमलेली मुले कंटाळून क्रिकेट खेळायला गेली.

खरी कसोटी बाटली भरण्यात. बाटली अवघी ४० मिलीलिटरची, औषधाच्या बाटलीएवढी. तिच्यात जीवाणू मारण्यापुरते आम्ल आधीच घातलेले असते, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तेच बेन्झीन फस्त करतील. पाणी काचेच्या कडेने, फेस न होऊ देता सोडायचे; तोंडाशी पाण्याचा फुगवटा आला की झाकण फिरवायचे. मग बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची. वाटाण्याएवढाही बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, कारण त्या बुडबुड्यात बेन्झीन जाऊन बसते. भरलेली बाटली लगेच बर्फात.

त्या बर्फाच्या पेटीत एक बाटली अशी असते की जी दिवसभरात कुणी उघडत नाही. प्रयोगशाळेने शुद्ध पाण्याने भरून दिलेली, आमच्याबरोबर गावभर हिंडून तशीच परत जाणारी. परत गेल्यावर तिच्यात बेन्झीन सापडले तर आमचा सगळा दिवस फुकट. घाण पाण्यातली नसून आमच्या पेटीतली ठरते. दुसऱ्यावर आरोप करण्यापूर्वी स्वतःची झडती देण्याची ही रीत मला फार आवडते. याशिवाय बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हाती किती वाजता गेली, याचा सहीनिशी कागद. उद्या भांडण न्यायालयात गेले तर हा कागद नसलेल्या बाटलीची किंमत शून्य.

मोटार लावली आणि

नमुने घेण्यापूर्वी आणखी एक प्रयोग केला होता. आदल्या रात्रभर वसाहतीची मोटार बंद ठेवली आणि पहाटे तिन्ही विहिरींची पातळी मोजली. उतार पंपाकडून नाल्याकडे. लोक म्हणत होते तसाच. मग मोटार लावली. दोन तासांत दुसऱ्या विहिरीतले पाणी हातभर खाली गेले. पहिली विहीर जवळजवळ हललीच नाही. म्हणजे वसाहतीच्या बोअरची भेग जोडलेली होती दुकानांच्या बाजूला. मोटार सुरू होताच पायाखालचा उतार उलटा होई आणि वरून खाली जाणारे पाणी खालून वर, वसाहतीकडे ओढले जाई. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसतो. पाण्याचा उतार मोटारीच्या खटक्याबरोबर फिरतो.

आठवड्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. हिंडून आलेली बाटली निर्मळ. पहिल्या आणि तिसऱ्या विहिरीत बेन्झीन यंत्राला सापडण्याइतकेही नाही. वसाहतीच्या बोअरमध्ये मर्यादेपेक्षा जास्त. आणि दुसऱ्या विहिरीत मर्यादेच्या अनेक पट.

मग दुकानांच्या मागे शोध घेतला, तेव्हा पत्र्याच्या तुकड्याखाली एक फसलेला बोअर सापडला. सुटे भाग पेट्रोल-डिझेलने धुतले जात आणि ते धुवण कित्येक वर्षे त्यात ओतले जात होते. फीत आत सोडली, तर यंत्राने सलग आवाज धरला: दोन बोटे जाडीची साय. दुकानाचा मालक मनापासून गोंधळला. "कोरडा बोअर होता साहेब. पाणी नाही, काही नाही. त्यात टाकलं तर कुणाचं काय बिघडतं?" खोटे बोलत नव्हता तो. त्याच्या दृष्टीने ते भोक संपलेले होते. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या २४ व्या कलमात ओढ्या-नद्यांच्या जोडीला विहिरीचाही उल्लेख आहे आणि तीत घाण सोडण्याला मनाई आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. तसे ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

मोटार बंद करायची की नाही?

गुन्हेगार सापडला म्हणजे गोष्ट संपते, अशी आपली समजूत आहे. इथे ती सुरू झाली. वसाहतीने एकमुखाने ठरवले: बोअरचे पाणी बंद, मोटार बंद, टँकर सुरू. ठराव शहाणपणाचा दिसत होता. मी त्यांना नकाशा दाखवला. मोटार बंद केली की उतार पुन्हा मूळ पदावर येणार, आणि आजवर वसाहतीकडे ओढली जाणारी घाण नाल्याच्या दिशेला निघणार. नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथे हातपंप आहे.

सभा शांत झाली. एकाने विचारले, "म्हणजे आपण जे पाणी वापरायचं नाही, त्यासाठी विजेचं बिल भरायचं?" होय, तेच. मोटार चालू ठेवायची, उपसलेले पाणी कोळशाच्या गाळणीतून काढायचे आणि तपासल्यावरच सोडायचे. घाण ज्या भेगेतून ओढली गेली तिथेच तिला धरून ठेवायचे. बराच वेळ वादावादी झाली. "आपण काय सगळ्या गावाचा मक्ता घेतला आहे काय?" असेही कुणी म्हणाले. अखेर त्या वडील गृहस्थांनी तोंड उघडले. "आपल्या घरात वास आला तेव्हा आपण बोंब मारली. पलीकडं वास येईल तेव्हा त्यांनी कुणाच्या नावानं मारायची?" एवढेच बोलून ते खाली बसले. विजेचे बिल वसाहतीने आणि गाळणीचा खर्च दुकानदाराने द्यायचा, असे ठरले. पंपाच्या मालकाने फलकांचा विषय पुन्हा काढला नाही. उलट पहिली विहीर त्याने स्वतःच्या खर्चाने सांभाळायचे मान्य केले. त्याला तिची किंमत कळली होती. तीच विहीर त्याची साक्षीदार ठरली होती.

यानंतर दोन पावसाळे गेले. साय काढून झाली आहे. हातपंपाच्या पाण्यात काही आढळलेले नाही. दुसऱ्या विहिरीतले आकडे उतरत आहेत, पण मर्यादेखाली आलेले नाहीत. खडकातले जीवाणू आपले काम करतात, मात्र त्यांना प्राणवायू लागतो आणि भेगांत तो तुटपुंजा असतो. येथे एक नवी गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. २०२५ सालापासून देशभर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. आपल्या उसाला त्यातून भाव मिळतो, ही चांगली गोष्ट. पण सांडलेल्या पेट्रोलमधले इथेनॉल जीवाणूंना बेन्झीनपेक्षा गोड लागते. ते आधी त्यावर ताव मारतात, प्राणवायू संपवतात, आणि बेन्झीन मागे राहून आणखी दूरवर जाते.

घरोघरी काय करावे

अशी प्रकरणे एकट्या आमच्या शहरात घडतात असे नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात इंधनवाहिनी गळून घरांच्या बोअरमधून तेल येऊ लागले. २०२३ च्या ऑगस्टात गोव्यात दाबोळीच्या माटवे भागातील विहिरी अशाच गळतीने बाटल्या. अमेरिकेत जमिनीखालच्या टाक्यांसाठी १९८४ साली कायदा झाला आणि त्यानंतर तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, इस्पितळे आणि वस्ती यांपासून ५० मीटरांचे अंतर सांगितले. पण अंतर हे काही राखणदार नव्हे. दगडातल्या भेगेला ५० मीटर म्हणजे काहीच नाही. राखणीला डोळा लागतो, आणि निरीक्षण विहीर हा तो डोळा.

वाचकांनी काय करावे? बोअरच्या पाण्याला घासलेट-पेट्रोलसारखा वास आला, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर ते पाणी पिऊ नये आणि उकळूही नये. उकळल्याने बेन्झीन मरत नाही. वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. त्या पाण्याने गरम आंघोळही नको. तुरटी आणि क्लोरिन येथे निरुपयोगी. मोटार थांबवण्याची घाई करण्याआधी जाणकाराला विचारावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. आपल्या आवारातला कोरडा बोअर उघडा ठेवू नये. त्यात धुवण, रंग, तेल काहीही ओतू नये. पोर पडेल म्हणून आपण त्यावर झाकण घालतो, तसेच घाण पडेल म्हणूनही घालावे. आणि वसाहतीजवळ नवा पंप होत असेल तर फलक रंगवण्याआधी एकच मागणी करावी: निरीक्षण विहिरी हव्यात, आणि त्यांचे आकडे आम्हाला दाखवायला हवेत. पंपवाला प्रामाणिक असेल तर त्याचेही त्यात हितच आहे.

पावसाळा सरला की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजायला निघतात. आम्हीही त्याच सुमारास त्या वसाहतीत जातो. मुलांनी पहिल्या विहिरीच्या झाकणाची खूण धरून क्रिकेटची खेळपट्टी आखली आहे. आम्ही कुलूप उघडायला लागलो की खेळ थांबतो, आणि त्यातला एखादा विचारतोच, "काका, या वेळेस किती आलं?" दुसऱ्या विहिरीचा आकडा मी त्याला सांगतो. मागच्या वेळचा त्याला तोंडपाठ असतो.